सवलत आणि अमानत

२०२५ सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. मगरिबची नमाज होऊन गेली होती आणि मी सातवीच्या वह्या तपासत बसले होते. दाराशी सर उभे होते. चौथीपर्यंत ज्यांनी मला शिकवले, ते सर. हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन जाडजूड मार्गदर्शक पुस्तके आणि एक कोरी दोनशेपानी वही. अम्मीने खुर्ची पुढे केली, चहा टाकला. पावसाचे बोलणे झाले, कपाशीचे झाले, जिनिंगवाले यंदा काय भाव देतील याचे झाले. मग मान खाली घालून सर म्हणाले, "बेटा, मराठी का व्याकरण सिखा देगी? समास, प्रयोग, वो सब."

मला वाटले थट्टा करताहेत. मी हसले. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि माझे हसू ओठांतच राहिले.

सर जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत १९९७ साली लागले. डी.एड. झालेले, रीतसर निवड होऊन आलेले. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या मुलांमध्ये मी होते. आता त्यांचे वय एकावन्न. अठ्ठाविसाव्या वर्षी नव्हे, नोकरीच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांना सांगण्यात आले होते की शिक्षक म्हणून तुम्ही पात्र आहात की नाही हे अजून ठरायचे आहे.

झाले होते असे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन' आणि त्यासोबतच्या प्रकरणांत निकाल दिला. न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांच्या पीठाने सांगितले की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्याला शिक्षक पात्रता परीक्षा, आपण सारे जिला टीईटी म्हणतो ती, उत्तीर्ण असणे बंधनकारक आहे. मग तो शिक्षणहक्क कायद्याच्या आधी लागलेला का असेना. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून कमी काळ उरला आहे त्यांना नोकरीत राहता येईल, पण परीक्षा दिल्याशिवाय बढती मिळणार नाही. ज्यांची पाच वर्षांहून अधिक नोकरी बाकी आहे त्यांनी दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावे, नाहीतर घरी जावे. निवृत्तीचे लाभ नियमाप्रमाणे मिळतील. सरांची सात वर्षे उरली होती.

आणि याच निकालात आणखी एक गोष्ट होती, जी सरांना लागू नव्हती, मला होती. अल्पसंख्याकांनी स्थापन केलेल्या आणि चालवलेल्या शाळांना हे बंधन लागू करायचे की नाही, हा प्रश्न पीठाने मोठ्या पीठाकडे सोपवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. कारण ६ मे २०१४ रोजी प्रमती ट्रस्टच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागूच होत नाही असे म्हटले होते. त्या निकालाच्या योग्यतेबद्दल नव्या पीठाने शंका घेतली, पण दोघे पाच जणांचा निर्णय मोडू शकत नाहीत. म्हणून उत्तर येईपर्यंत आमच्या शाळा बाहेर.

मी अशाच एका शाळेत शिकवते. सरांची शाळा आणि माझी शाळा यांमध्ये एक बोळ, एक किराणा दुकान आणि एक पडकी भिंत आहे. मुले तीच, उर्दू तीच, गरिबी तीच. चौथी संपली की भिंतीपलीकडची मुले आमच्याकडे पाचवीत येतात. भिंतीच्या त्या बाजूला अठ्ठावीस वर्षे शिकवलेल्या माणसाला परीक्षा सक्तीची आणि या बाजूला मला नाही. आणि तो माणूस माझ्याकडे शिकायला आलेला.

पहिला प्रश्न मनात आला तो साधा होता. खेळ अर्ध्यावर आल्यावर नियम बदलणे न्यायाचे आहे काय?

माझे उत्तर त्या रात्री ठाम होते, नाही. त्याला कारणेही होती. टीईटी आणणारी अधिसूचना राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी काढली, तेव्हा तिनेच आधी नियमानुसार लागलेल्या शिक्षकांना नवी अर्हता मिळवण्यातून वगळले होते. सरांनी तो कागद जपून ठेवला होता, दाखवला. राज्य सांगते तुम्हाला गरज नाही, माणूस त्या शब्दावर पंधरा वर्षे काढतो, घराचे कर्ज काढतो, मुलीला फार्मसीला घालतो, आणि मग त्याला सांगितले जाते की कायद्याच्या तेविसाव्या कलमाचा खरा अर्थ वेगळाच होता. कायद्याचा अर्थ कोर्ट लावते हे मान्य. पण चुकीचा अर्थ लावला तो शासनाने, आणि दंड भरायचा तो शिक्षकाने, हा हिशेब मला कळेना.

आपल्याकडे दुसरी उदाहरणेही आहेत. वकिलांसाठी अखिल भारतीय बार परीक्षा २०१० मध्ये बंधनकारक झाली, ती २००९-१० पासून पदवी घेणाऱ्यांना. आधीपासून काळा कोट घालून उभ्या असलेल्यांना कोणी परत परीक्षेला बसवले नाही. महाविद्यालयीन प्राध्यापकांमध्ये १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट-सेट न होता लागलेल्यांचा वाद महाराष्ट्राने किती वर्षे चालवला आणि त्यावरून २०१३ साली विद्यापीठांच्या परीक्षांवर बहिष्कार कसा पडला, हे माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. मी तेव्हा बी.एड.ला होते. तिथेही त्यांना घरी पाठवले गेले नाही. वकिलाला जुन्या मापाने मोजायचे, प्राध्यापकाला मोजायचे आणि प्राथमिक शिक्षकाला मात्र नव्या, याचे कारण प्राथमिक शिक्षकाचा आवाज लहान हे तर नसेल? (हे मी रागात लिहिते आहे, पण खोडत नाही.)

इस्लामी इतिहासातही या प्रश्नाची एक जागा आहे. मद्य एकदम हराम झाले नाही. हुकूम टप्प्याटप्प्याने आला. शेवटचा हुकूम आला तेव्हा काही सहाबांना चिंता पडली की जे आधीच वारले, ज्यांच्या पोटात ती होती, त्यांचे काय? उत्तर असे मिळाले की त्यांच्यावर त्याचा गुन्हा नाही. हुकूम आल्यावर पाळणे फर्ज. येण्याआधीच्या काळासाठी धरपकड नाही. हे मी सरांना बोलून दाखवले. सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लेकिन बेटा, जो जिंदा थे उन्होंने तो छोड़ दी ना? पुरानी आदत है बोलके पीते तो नहीं रहे."

मला उत्तर सुचले नाही. पुढचे काही आठवडे ते वाक्य डोक्यात फिरत राहिले.

रोज संध्याकाळी तासभर आमची शिकवणी चाले. परीक्षा २३ नोव्हेंबरची, रविवारची. पहिला पेपर दीडशे गुणांचा: बालमानसशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. सरांनी पहिली भाषा उर्दू घेतली, दुसरी मराठी. खुल्या गटाला साठ टक्के, म्हणजे नव्वद गुण हवेत. मराठीत सर अडखळत, कर्मणी आणि भावे प्रयोगात त्यांची गल्लत होई. पण बालमानसशास्त्राच्या तासाला मात्र शिकवणारे तेच असत. पियाजेचा तो प्रसिद्ध प्रयोग आला: बुटक्या पेल्यातले पाणी उंच पेल्यात ओतले की लहान मूल म्हणते पाणी वाढले. मी व्याख्या सांगू लागले तर सर हसले. "हमारे घर में देख ले. छोटा वाला हमेशा लंबे गिलास में चाय मांगता है. अब पता चला इसका नाम भी है." नाव माहीत नव्हते, गोष्ट माहीत होती. परीक्षेत गुण नावाला असतात.

इथे हा निबंध संपवला असता तर वाचकांनाही बरे वाटले असते आणि मलाही. गुणी गुरुजी, आंधळा कायदा. पण मी या माणसाची विद्यार्थिनी आहे, म्हणून मला आणखीही काही माहीत आहे.

अपूर्णांक. एका संध्याकाळी गणिताचा सराव करताना सरांनी दोन अपूर्णांकांची बेरीज केली, छेदांत छेद मिळवून आणि अंशांत अंश. मी पाहत राहिले. कारण चौथीत आम्ही अगदी तसेच करत होतो. पाचवीत गेल्यावर नव्या शिक्षकांनी मला फळ्यापाशी उभे केले होते, सगळा वर्ग हसला होता, आणि त्या दिवसापासून गणिताशी माझे वैर झाले. इतकी वर्षे मी समजत होते की दोष माझ्या डोक्यात आहे. त्या दिवशी कळले की तो फळ्यावरून आला होता. अठ्ठावीस वर्षे, दर वर्षी पंचवीस-तीस मुले. त्यांतल्या कितीजणांनी माझ्यासारखेच स्वतःला मठ्ठ समजून शाळा सोडली असेल, जिनिंगवर गेली असतील, गॅरेजला लागली असतील, कोण मोजणार?

सर वाईट शिक्षक होते का? मुळीच नाहीत. पावसात ओढा चढला की मुलांना खांद्यावर घेऊन पलीकडे सोडणारे ते. कपाशी वेचणीच्या दिवसांत आयांबरोबर शेतात गेलेल्या मुलांना शोधायला सायकलवर बांधावर जाणारे ते. पण त्यांना कधी कोणी तपासले नाही, म्हणून कधी कोणी मदतही केली नाही. दोन वर्गांना एक शिक्षक, वर मतदारयादी, वर जनगणना, वर खिचडीचा हिशेब. प्रशिक्षणे झाली ती चहा-बिस्किटे आणि हजेरीपत्रकाची. आणि मग एके दिवशी एकदम परीक्षा, तीही नोकरीच्या मानेवर सुरी ठेवून. संसदेने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त करून अर्हता नसलेल्या शिक्षकांना ती मिळवायला ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत दिली होती; न्यायालयाने त्या दुरुस्तीचाही आधार घेतला. ती मुदत आमच्या गावात कोणी कोणाला नीट सांगितल्याचे मला आठवत नाही.

तर माझा 'नाही' असा ढिला पडू लागला. नियम मागे जाऊन लावणे अन्यायाचे आहे हे अजूनही म्हणते. पण शिक्षकाची नोकरी वकिलासारखी नाही. वकील न आवडला तर अशील दुसरा करतो. दुसरीतले मूल शिक्षक बदलत नाही. कलम २१-क ने शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला तो सहा ते चौदा वयाच्या मुलाला, शिक्षकाला नव्हे. सरांचा भूतकाळ आणि मुलाचे आजचे वर्ष यांत तोलायचे झाले तर पारडे कुठे झुकते, हे मला नीट सांगता येत नाही. एवढे मात्र सांगता येते की तराजूत मुलाला बसवल्याशिवाय तोलणे खोटे आहे, आणि आपल्या सगळ्या सभांत, मोर्चांत, निवेदनांत मूल कुठेच नव्हते.

अशीच एक सभा आमच्याकडेही झाली. विषय होता: मोठ्या पीठाने सवलत काढली तर आपल्या शाळांचे काय? भीती खोटी नव्हती. उर्दूच्या राखीव जागांना त्या प्रवर्गाचा उर्दू माध्यमाचा उमेदवार मिळत नाही म्हणून पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात, हे सरकारी शाळांत आम्ही पाहतो. त्यात परीक्षेची चाळण लागली तर वर्ग ओस पडतील, मग पटसंख्येचे कारण दाखवून तुकड्या बंद होतील. घटनेचे तिसावे कलम हे कोणाचे उपकार नाहीत. ज्यांची संख्या कमी त्यांना आपल्या भाषेत, आपल्या रीतीने मुले शिकवता यावीत, बहुमताच्या मर्जीवर राहावे लागू नये, यासाठी ते आहे. हे सगळे वक्त्यांनी सांगितले आणि मी मान हलवली.

पण एकानेही विचारले नाही की ही सवलत आजवर पडली कोणाच्या पदरात.

मी सांगते, कारण ती माझ्या पदरात पडली आहे. टीईटी मी दोनदा दिली, २०१७ आणि २०१८ मध्ये. पहिल्यांदा चौऱ्याऐंशी मिळाले, दुसऱ्यांदा सत्त्याऐंशी. तीन गुणांनी गेली. मग एका संस्थेत मुलाखतीला गेले. नाव लिहीत नाही. नावाने काही होत नाही. त्यांनी टीईटीचे विचारले, मी नाही म्हटले, आणि समोरच्या गृहस्थांचा चेहरा खुलला. "आपल्याला लागतच नाही." मला तेव्हा वाटले, अल्लाहने वाट काढली. त्या खुललेल्या चेहऱ्याचा अर्थ मला सहा महिन्यांनी कळला. ज्या आकड्यावर सही करायची आणि जो आकडा हातात यायचा त्यांत फरक होता, आणि त्याबद्दल बोलायची सोय नव्हती, कारण मी जाणार कुठे? टीईटी नसलेल्याला दुसरीकडे दार बंद. म्हणजे जी सवलत समाजाच्या संस्थेला स्वातंत्र्य म्हणून मिळाली, तीच समाजाच्या शिक्षिकेच्या पायात दोरी झाली. दोन वर्षांनी मी तिथून निघाले ते दुसऱ्या तशाच सवलतीच्या शाळेत. इथली माणसे बरी आहेत, पगार पुरा मिळतो. पण दोरी तीच आहे.

अल्पसंख्याकांच्या हक्काचा विषय सर्वोच्च न्यायालयासमोर फार आधी आला, १९५८ मध्ये, केरळ शिक्षण विधेयकाच्या वेळी. तेव्हाच न्यायालयाने सांगून ठेवले की संस्था चालवण्याच्या हक्कात ती वाईट चालवण्याचा हक्क येत नाही. आपण पहिला भाग पाठ केला, दुसरा ऑप्शनला टाकला. आणि प्रमती निकालात मुख्य चर्चा झाली ती पंचवीस टक्के जागांची, कोणाला प्रवेश द्यायचा याची. शिक्षकाच्या पात्रतेचे कलम त्या चर्चेत जवळजवळ आलेच नाही, हे २०२५ च्या पीठाचे म्हणणे मला पटते. शाळेत कोण यावे यावर सरकारने हुकूम चालवला तर शाळेचा चेहरा बदलतो. शिकवणाऱ्याला अपूर्णांक यावेत असे म्हटले तर कोणता चेहरा बदलतो? तीस मुलांचा बदलेल, कदाचित.

आपल्याकडे एक शब्द आहे, अमानत. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतलेली. शाळेची जागा कोणा बुजुर्गाने दिली, खोल्या चंद्यावर उभ्या राहिल्या, ईदच्या दिवशी चादर फिरवून बाके आली. हे सगळे ज्याच्यासाठी झाले ते मूल म्हणजे अमानत. अमानत सांभाळणारा असे म्हणत नाही की मला हिशेब विचारू नका, मी सवलतीत आहे. उलट ज्याला हिशेब विचारणारा कोणी नाही त्याने जास्त नीट मांडायला हवा. सभेत हे बोलायला उठले होते मी. शब्द सुचले नाहीत आणि खाली बसले. मला टीईटी नाही हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि पुढची नेमणूक कोणाच्या हातात आहे हे मला.

परीक्षेवर माझा विश्वास आहे असे समजू नका. २०१९-२० च्या टीईटीत गुण वाढवून दिल्याच्या प्रकरणात पुणे सायबर पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक केली आणि पुढे साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. मी ज्या तीन गुणांनी रडले, ते तीन गुण कोणी विकत घेत होते. दीडशे प्रश्नांवर गोळे रंगवून ओढा ओलांडणारा शिक्षक ओळखता येत नाही. फातिमा शेख यांच्याकडे कोणते प्रमाणपत्र होते? सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात त्यांचे नाव येते ते कामाच्या संदर्भात, पदवीच्या नव्हे. परीक्षा एवढेच सांगू शकते की काय येत नाही. पण निदान तेवढे सांगते. मला अपूर्णांकाचे कोणीच सांगितले नव्हते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सरांचा फॉर्म मीच मोबाइलवर भरला. फोटो, सही, डी.एड.चे पिवळे पडलेले गुणपत्रक. सगळे झाल्यावर सरांनी विचारले, "और तेरा?"

मी म्हटले, "सर, मुझे तो जरूरी नहीं."

ते काही बोलले नाहीत. वही पिशवीत घातली, चपला घातल्या. जाताना अम्मीला म्हणाले की पोरगी छान शिकवते, नोकरीची काळजी करू नका. त्या रात्री मी साडेअकरा वाजता उठून माझा फॉर्म भरला, पेपर दुसरा, समाजशास्त्र. शाळेत सांगितले नाही. हॉलतिकीट आले त्याच दिवशी कोणीतरी बातमी पोचवली. संस्थेतल्या एकाने बोलावून विचारले की मॅडम, सवलत असताना आपलेच लोक परीक्षेला बसू लागले तर कोर्टात आपली बाजू कमजोर नाही का होणार? प्रश्न खोटा नव्हता. मी म्हटले, विचार करते. अजून करते आहे.

२३ नोव्हेंबरला सकाळच्या गाडीने जळगावला गेलो. डब्यात निम्मे शिक्षकच होते, पांढऱ्या केसांचे, मांडीवर पुस्तक, ओठ हलताहेत, आमच्या सहामाहीच्या मुलांसारखे. सर खिडकीशी बसले होते. भुसावळ गेल्यावर त्यांनी वही काढून माझ्यासमोर धरली. पानावर तीन छेद सात अधिक दोन छेद पाच असे लिहिले होते आणि खाली छेद समान करून, नीट, एकेक पायरीने उत्तर: एकोणतीस छेद पस्तीस.

"सही है?"

"सही है, सर."

त्यांनी वही मिटली आणि बाहेर पाहत म्हणाले, "सोमवार को चौथी को फिर से पढ़ाऊंगा. पिछले महीने जो पढ़ाया वो गलत था."